त्यागी पालक, दोषी पालक आणि शिकणारा पालक : विशेष बालकाच्या पालकत्वाचे चित्रण व वऱ्हाडातील वास्तव

प्रस्तावना

विकासात्मक अडचणी असलेल्या बालकाच्या पालकाविषयी मराठी समाजात दोन प्रतिमा रूढ आहेत. पहिली त्यागमूर्तीची. या प्रतिमेतील आई किंवा बाप आयुष्य वेचतो, झिजतो आणि आदरास पात्र ठरतो. दुसरी प्रतिमा अपराध्याची. त्याने मुलाकडे लक्ष दिले नाही, लाड केले किंवा धाक दाखवला आणि म्हणून मूल 'असे' झाले, असे मानले जाते. या दोन्ही प्रतिमा परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही प्रतिमा पालकाच्या चारित्र्याविषयी बोलतात, पालकाच्या कामाविषयी बोलत नाहीत. मूल दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, मिक्सर सुरू होताच किंचाळते, भाताचे शीत जिभेला लागताच ओकारी काढते, अशा वेळी त्या घरात रोज नेमके काय करावे लागते, हे या प्रतिमांत कोठेही दिसत नाही.

प्रस्तुत लेखात मराठी प्रेक्षकाच्या परिचयाच्या चार कलाकृतींतील पालकचित्रणाची चिकित्सा करून, अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या संदर्भात तिसऱ्या एका प्रतिमेची, म्हणजे शिकणाऱ्या पालकाची आवश्यकता मांडली आहे. पालकत्व हा त्याग मानला की त्याची पूजा होते आणि पालक मात्र एकटा राहतो. ते शिकता येणारे कौशल्य मानले की ते शिकवण्याची जबाबदारी समाजावर व शासनावर येते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चार कलाकृती, दोन प्रतिमा

जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' या नाटकाने मतिमंद मुलाच्या आईवडिलांचे दुःख मराठी रंगभूमीच्या केंद्रस्थानी आणले. काटदरे दांपत्य आणि त्यांचा मुलगा बच्चू यांच्या घरातील ताण, शरीराने वाढणाऱ्या व बुद्धीने लहान राहणाऱ्या मुलापुढची हतबलता, पती-पत्नींच्या नात्यावर पडणारा भार हे सारे दळवींनी कोणताही भाबडेपणा न ठेवता मांडले. संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटातील नंदू हाही प्रौढ शरीराचा व बालमनाचा आहे आणि त्याच्यावर जीव लावणाऱ्या आईची व्यथा प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिली. या दोन्ही कलाकृतींचे ऋण मोठे आहे. ज्या काळात असे मूल घराच्या आतल्या खोलीत ठेवण्याची रीत होती, त्या काळात त्यांनी त्याला दिवाणखान्यात आणले.

तथापि या दोन्ही कलाकृतींचा मूळ प्रश्न 'आमच्यानंतर याचे काय?' हा आहे. तो प्रश्न खरा असला, तरी तो पालकत्वाच्या अखेरच्या टप्प्यावरचा आहे. त्या टप्प्यावर पालक थकलेला आणि मूल प्रौढ झालेले असते. शिकण्या-शिकवण्याचा काळ बहुतांशी मागे पडलेला असतो. साहजिकच उरतो तो केवळ त्याग.

पुढील काळातील दोन चित्रपटांनी वेगळी वाट धरली. 'तारे जमीन पर' (२००७) हा हिंदी चित्रपट महाराष्ट्रातील शिक्षक व पालक यांनी मोठ्या प्रमाणावर पाहिला. त्यातील ईशानला अक्षरे ओळखण्यात अडचण आहे. वडील त्याला आळशी ठरवतात, आई गोंधळलेली आहे आणि त्याची अडचण ओळखतो तो चित्रकलेचा शिक्षक. येथे पालक दोषी व शिक्षक तारणहार अशी विभागणी झाली आहे. शिवाय मुलाचा स्वीकार पूर्ण होतो तो चित्रस्पर्धेत त्याचे चित्र पहिले आल्यावर. महेश लिमये दिग्दर्शित 'यलो' (२०१४) हा मराठी चित्रपट डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ या पुण्याच्या जलतरणपटूच्या जीवनावर आधारलेला असून तिने स्वतः त्यात भूमिका केली. चौघांपैकी हाच चित्रपट पालकाच्या प्रत्यक्ष कामाच्या सर्वाधिक जवळ जातो, कारण पाण्यात रमणारे मूल पाहून पाण्यालाच शिक्षणाचे माध्यम करणारी आई त्यात आहे. परंतु त्याचाही कळस पदकाशीच बांधलेला आहे.

चित्र किंवा पदक न मिळवणाऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न या कथनपद्धतीत अनुत्तरित राहतो. बहुसंख्य मुले अशीच असतात. चमच्याने स्वतः जेवणे, तहान लागल्याचे खुणेने सांगणे, बसमध्ये अर्धा तास शांत बसणे ही त्यांची पदके होत. ती मिळवण्याचा काळ मुख्यतः जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचा असतो आणि नेमका हाच काळ या चार कलाकृतींत अत्यल्प जागा व्यापतो.

दोषी पालकाची कुळकथा

पालकाला दोष देण्याची प्रवृत्ती केवळ चित्रपटांची नाही. एके काळी तिला शास्त्राचीच मान्यता होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे पहिले तपशीलवार वर्णन केले. त्यानंतरच्या काळात आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, ही कल्पना फोफावली आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या लेखनाने ती लोकप्रिय केली. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नता ही मेंदूच्या जैविक घडणीशी संबंधित आहे, असे साधार मांडून या कल्पनेला धक्का दिला. रिमलँड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पालकाला आरोपातून सोडवण्यात एका अभ्यासू पालकाचाच वाटा होता.

शास्त्राने टाकून दिलेली ही कल्पना लोकव्यवहारात मात्र टिकून आहे. वऱ्हाडात ती वेगळ्या वेशात भेटते. उशिरा बोलणाऱ्या लेकराविषयी 'याचा बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून प्रथम दिलासा दिला जातो आणि त्यात एक-दोन वर्षे निघून जातात. पुढे तेच लेकरू 'हट्टी', 'चिडकं' किंवा 'भैताड' ठरते. त्यानंतर दृष्ट, बाहेरची बाधा, गरोदरपणी पाळलेले-न पाळलेले ग्रहण आणि अलीकडे मोबाइल यांपैकी कशाचा तरी ठपका आईवर येतो. मोबाइलचा अतिवापर लहान मुलांना हितकारक नाहीच; परंतु स्वमग्नतेचे मूळ कारण तो आहे, असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. कारणाचा शोध आईपाशी थांबला, की मुलाच्या श्रवणाची तपासणी करून घेण्याची साधी पहिली पायरीही राहून जाते. हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या प्रत्येक बालकाची श्रवणतपासणी आधी व्हावयास हवी, कारण ऐकू न येणे आणि ऐकूनही न वळणे या दोन अवस्थांचे उपाय भिन्न आहेत.

संवेदनांचा प्रश्न आणि वऱ्हाडातील घर

विकासात्मक अडचणींपैकी सर्वांत कमी ओळखला जाणारा भाग संवेदनांचा आहे. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९६० व १९७०च्या दशकांत संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धान्त मांडला. डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा यांच्याबरोबरच शरीराचा तोल आणि स्नायू-सांध्यांतून मिळणारी शरीरस्थितीची जाणीव याही संवेदनाच होत आणि या सर्वांची सांगड घालण्याचे काम मेंदू करतो, हे त्याचे सार आहे. ही सांगड नीट बसत नसेल तर एखाद्या मुलाला साधा स्पर्श टोचतो, तर दुसऱ्याला जोरात आपटल्याशिवाय स्वतःचे शरीर जाणवत नाही. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांना अति किंवा अल्प प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निकषांत समाविष्ट झाले. मात्र केवळ संवेदनांची अडचण हा स्वतंत्र आजार मानला गेलेला नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली तसे स्वतंत्र निदान करू नये, असेच सुचवले होते. या सावधगिरीची नोंद घेणे आवश्यक आहे, अन्यथा प्रत्येक हट्टाला निदानाचे लेबल लागण्याचा धोका संभवतो.

हा सिद्धान्त वऱ्हाडातील घरात आणला म्हणजे त्याचा अर्थ स्पष्ट होतो. अकोला-अमरावतीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोहोचतो. घरोघरी कुलरचा घरघराट रात्रंदिवस चालतो. ध्वनीला अतिसंवेदनशील असलेल्या बालकासाठी ते चार महिने अखंड गोंगाटाचे असतात आणि त्याची झोप, भूक व चिडचिड यांचे कारण घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. श्रावणात अकोल्यात राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी पूर्णेचे पाणी आणणारी कावडयात्रा निघते. शेवटच्या सोमवारी ढोल-ताशांनी शहर दुमदुमते. त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून कान झाकून आक्रोश करणारे बालक 'घाबरट' नसते. त्याला तो आवाज खरोखर सोसवत नसतो. उत्सव टाळणे हा याचा एकमेव उपाय नव्हे. मिरवणूक दुरून दाखवणे, कानांवर आवाज कमी करणारे आच्छादन देणे, काय घडणार आहे हे आधी चित्रांनी वा शब्दांनी सांगणे आणि मुलाने खूण करताच तेथून निघणे, हा पालकाने शिकावयाचा क्रम आहे.

याच घरात उपयुक्त साधनेही आहेत. परातीतील ज्वारी किंवा तुरीची डाळ यांत हात घालून खेळणे, सरकी व कापूस यांच्या स्पर्शातील फरक, सुपात पाखडण्याची लय, झोळीचा झोका, अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली गोधडी, पाण्याची छोटी कळशी उचलून नेण्याचे काम, या सर्वांतून स्पर्श, तोल व शरीरस्थितीच्या संवेदनांना चालना मिळते. लहान मुलाने दाणे तोंडात, नाकात वा कानात घालू नयेत म्हणून मोठ्या माणसाने जवळ असावे, एवढे पथ्य पाळले पाहिजे. बळजबरी मात्र वर्ज्य होय. वरणभाताला न शिवणाऱ्या मुलाचे तोंड धरून घास कोंबण्याने त्याची भीती पक्की होते. आधी भात नुसता पाहणे, मग हाताळणे, मग हुंगणे, मग ओठांना लावणे असा हळूहळू परिचय करून देणे अधिक हितावह असते. हे उपाय म्हणजे उपचाराची जागा घेणारे रामबाण नव्हेत. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली होणाऱ्या संवेदना-एकात्मीकरण उपचाराविषयीचा पुरावाही अद्याप मर्यादित स्वरूपाचा आहे. तथापि कोणत्या प्रसंगाआधी, प्रसंगी व प्रसंगानंतर मूल कसे वागले याची रोजची नोंद पालकाने ठेवली, तर तज्ज्ञाकडे जाताना त्याच्या हाती मोलाची माहिती असते.

इंद्रियशिक्षणाचा विसरलेला वारसा

इंद्रियांद्वारे शिक्षण ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये जंगलात सापडलेल्या व्हिक्टर या मुलाला इतार यांनी इंद्रियशिक्षणातून घडवण्याचा प्रयत्न केला. त्यांचे शिष्य सेगाँ यांनी ती पद्धत बौद्धिक विकास खुंटलेल्या मुलांसाठी विकसित केली. मारिया माँटेसरी यांनी आधी अशाच मुलांबरोबर काम केले आणि मग १९०७ साली रोममध्ये सर्वसामान्य मुलांसाठी बालगृह उघडले. जगभरच्या बालवाड्यांतील ठोकळे, नळकांडी व खरखरीत-गुळगुळीत फळ्या यांचे मूळ अशा रीतीने 'विशेष' मुलांच्या शिक्षणात आहे.

माँटेसरी-विचार मराठी मातीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडक (जन्म १८९२) यांचे विवाहानंतरची काही वर्षे अमरावतीत वास्तव्य होते. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह आणि नंतर बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. महागड्या परदेशी साधनांऐवजी परिसरातील स्वस्त वस्तू वापरणे आणि शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या अंगणापर्यंत शाळा नेणे, ही त्यांच्या कार्याची दोन सूत्रे होती. आजच्या अंगणवाडीची कल्पना याच सूत्रांशी जोडलेली आहे. परंतु अक्षरओळख व पाठांतर यांच्या घाईत इंद्रियशिक्षण मागे पडले. खाऊ आणि बाराखडी यांपुरती उरलेली अंगणवाडी संवेदनांची अडचण असलेल्या बालकाला प्रथम परकी होते, वस्तुतः ती त्याचीच शाळा असावयास हवी होती.

वझ्झर : पालकत्वाचा एक वस्तुपाठ

अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर बालगृह हे या चर्चेतील महत्त्वाचे स्थानिक उदाहरण आहे. गाडगेबाबांच्या विचारांनी प्रेरित झालेले शंकरबाबा पापळकर यांनी येथे बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ केला आणि १२३ मुलांना वडील म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या कार्याचे वर्णन करताना 'देवमाणूस', 'त्याग', 'महामानव' असे शब्द सहज वापरले जातात. आदर योग्यच आहे. पण या शब्दांनी वझ्झरचा खरा अर्थ झाकला जातो. तेथे घडले ते अत्यंत व्यवहारी पालकत्व होते. नाव नसलेल्या मुलाला कागदोपत्री नाव मिळाले म्हणजे शाळाप्रवेश, ओळखपत्र आणि प्रमाणपत्र यांचा मार्ग खुला होतो. ज्याला जे काम जमेल ते देणे, झाडे लावणे व जगवणे, उपवर मुलींचे विवाह लावून देणे, हा घराचा दिनक्रम होता. शंकरबाबांनी सातत्याने केलेली मागणीही व्यवहारीच आहे. बालगृहातील वास्तव्याची मुदत अठराव्या वर्षी संपते; परंतु बेवारस दिव्यांग व्यक्तीला त्या वयानंतर जाण्यास जागा नसते, म्हणून तिच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही ती मागणी होय. 'नातीगोती' व 'चौकट राजा' यांनी विचारलेल्या 'आमच्यानंतर काय?' या प्रश्नाला वझ्झरने अश्रूंऐवजी कायद्याच्या भाषेत उत्तर मागितले, हे त्याचे वेगळेपण आहे.

याच बालगृहात वाढलेल्या, दृष्टिबाधित माला पापळकर यांची २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवड झाली. या यशाकडेही चमत्कार म्हणून पाहण्याचा मोह होतो. वास्तविक वेळेवर मिळालेले घर व नाव, ब्रेलचे शिक्षण आणि परीक्षेसाठीचे मार्गदर्शन अशा अनेक पायऱ्या त्यामागे आहेत. चमत्कार म्हटला की पायऱ्या दिसेनाशा होतात आणि इतर मुलांसाठी त्या बांधण्याची गरजही वाटेनाशी होते. त्याच बालगृहात स्वतःचे नाव सांगण्यापलीकडे न गेलेली भावंडेही आहेत. त्यांचा अधिकार तिच्याइतकाच आहे.

शिकणारा पालक : शक्यता आणि मर्यादा

पालकाचे काम शिकवता येते, यास संशोधनाचा आधार आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांच्या पालकांसह झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे पालकांना मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षित आरोग्यकार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मात्र दोघांनी एकाच गोष्टीवर लक्ष देण्याचा काळ घटला. म्हणजे यश संमिश्र होते, पण दिशा स्पष्ट होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी कौशल्यप्रशिक्षणाचा कार्यक्रम तयार केला असून तो तज्ज्ञांची उणीव असलेल्या प्रदेशांचा विचार करूनच आखला आहे.

वऱ्हाडात याची गरज तीव्र आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तेही मेळघाटाच्या घाटरस्त्याने. आठवड्यातून तीन दिवस उपचारकेंद्रात या, हा सल्ला कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवणाऱ्या आईसाठी निरर्थक ठरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्र अशी त्याची रचना आहे. १९९५च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने व पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती उणीव दूर केली आणि दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. रचना आणि कायदा उपलब्ध आहे. तपासणीत अडचण आढळली, त्यानंतर घरी काय करावयाचे हे पालकाला त्याच्या बोलीत, त्याच्या घरातील वस्तूंनी शिकवणारा दुवा मात्र बळकट व्हावयास हवा. अध्यापक महाविद्यालये, गृहविज्ञान, मानसशास्त्र व समाजकार्य या विभागांना येथे प्रत्यक्ष भूमिका आहे.

या विचारावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पालकत्वाला कौशल्य म्हटले, तर मुलाची प्रगती न झाल्यास पालक 'शिकला नाही' असा नवा ठपका येईल आणि दोषी पालकाची जुनी प्रतिमा मागच्या दाराने परत येईल. शिवाय कौशल्य शिकण्याचा भार प्रत्यक्षात आईवरच पडतो. वडील, आजी-आजोबा व शेजार मोकळे राहतात. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याचे उत्तर असे की, मुलाच्या प्रगतीची गती मुख्यतः त्याच्या जैविक घडणीवर अवलंबून असते, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे, आणि प्रशिक्षण केवळ आईचे न राहता कुटुंबाचे झाले पाहिजे. पालकाची विश्रांती हाही त्याचाच भाग होय.

समारोप

त्यागाच्या प्रतिमेने विशेष बालकाच्या पालकाला एके काळी प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या प्रतिमेत पालकाला हात जोडले जातात, हात दिला जात नाही. दोषाच्या प्रतिमेत तर तोही आदर नसतो. मराठी नाटक-चित्रपटांनी प्रौढ मुलाच्या भवितव्याची चिंता आणि गुणी मुलाचे यश या दोन टोकांचे चित्रण समर्थपणे केले आहे. त्यांच्या दरम्यानची सहा वर्षे, म्हणजे कुलरच्या आवाजाने न झोपणारे लेकरू, चौथ्या महिन्यात पहिल्यांदा ओठांना लागू दिलेला वरणाचा थेंब, कावडयात्रा दुरून पाहताना कानांवरून काढलेला एक हात, हे मराठी लेखनापुढील खुले क्षेत्र आहे. वऱ्हाडी बोलीत ते लिहिले गेले, तर तो साहित्याचा लाभ तर होईलच. धारणी किंवा बार्शीटाकळीच्या एखाद्या घरात ते उद्या सकाळी उपयोगीही पडेल.